चिंतन : अध्याय १८, श्लोक ३६ ते ३९ : आजीच्या डब्यातली गोळी



अठराव्या अध्यायात सध्या आपण तिघातिघांचे गट वाचतो आहोत. ज्ञान तीन प्रकारचं झालं, कर्म झालं, कर्ता, बुद्धी, धृती झाली. आज सुखाचा नंबर. भगवंत म्हणतात, आता सुखाचेही तीन प्रकार ऐक, आणि पुढच्या तीन श्लोकांत विषय सांगून मोकळे होतात. सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखं लागतं आणि शेवटी अमृतासारखं होतं. राजस सुखाचं नेमकं उलट, आधी अमृत आणि मागाहून विष. इथपर्यंत आपल्या सगळ्यांना पाठ असतं, कीर्तनातही हेच दोन प्रकार जास्त येतात.

तिसरा श्लोक मात्र जरा थांबून वाचा. तामस सुखाच्या वेळी आपण अपेक्षा करतो की आता म्हणतील, सुरुवातीलाही विष आणि शेवटीही विष. गणित तसंच सुटायला हवं. पण भगवंत तसं म्हणत नाहीत. विष-अमृताची भाषाच ते सोडून देतात. म्हणतात, हे सुख आधीही मोहात टाकतं आणि नंतरही मोहातच ठेवतं, आणि ते झोप, आळस व प्रमाद यांतून येतं.

मोह म्हणजे आपल्या साध्या मराठीत भूल. दोन्ही अर्थांनी बघा. भूल पडते ती, आणि ऑपरेशनच्या आधी देतात तीही. राजस माणसाला निदान शेवटी कळतं की हे विष होतं, पोट बिघडतं, कर्ज होतं, पश्चात्ताप होतो. तामसात कळणारं यंत्रच बंद पडलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर राजस म्हणजे सर्व्हर पडला आणि रात्री दोनला फोन आला. तामस म्हणजे कुणीतरी अलार्मच बंद करून ठेवलाय, सर्व्हर पडलेला आहे, आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय.

हे चार श्लोक मी गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या वर्गात घेतले. सोसायटीच्या मंदिरामागचा हॉल, बारा ते चौदा वर्षांची सोळा-सतरा मुलं. आणि श्लोकांना जोडून विषय घेतला औषधांच्या गैरवापराचा, म्हणजे गांजा-चरस नव्हे, तर मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या गोळ्या आणि सिरप. दोन पालकांनी आधीच फोन केला. "एवढ्याशा मुलांसमोर हे कशाला? उलट त्यांना कल्पना सुचेल." माझं उत्तर एवढंच होतं की कल्पना सुचायची राहिलेली नाही. मुलांच्या शाळेच्या दप्तरातल्या गप्पा आपल्या गप्पांच्या पुष्कळ पुढे आहेत.

मुलांना मी पहिला प्रश्न विचारला, "ड्रग्ज म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?" सगळ्यांनी सिनेमा सांगितला. पांढरी पूड, काळी गाडी, अंधारी गल्ली, पोलीस. मग मी विचारलं, "आणि चकचकीत पट्टीतली गोळी, जिच्यावर कंपनीचं नाव आहे, किंमत छापलेली आहे, आणि जी डॉक्टरनेच तुझ्या आजीला दिलेली आहे?" एकजण पटकन म्हणाला, "ती तर औषध आहे ना दादा!"

सगळी गोम या एका वाक्यात आहे. गल्लीतली पूड विष आहे हे मुलाला न सांगता कळतं. गोळीबद्दल मात्र त्याला वाटतं की ती कुणीतरी तपासून, मंजूर करून घरात आणलेली वस्तू आहे. मग ती आजीला चालते तर मला का नाही? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपेच्या आणि शांत करणाऱ्या औषधांचा वापर वैद्यकीय कारणाशिवाय करत आहेत, असं त्यात निघालं. यातले बरेच लोक त्या सिनेमातल्या गल्लीत कधी गेलेलेच नसणार.

आता मुलांना हे कसं सांगायचं? घाबरवून फार काही होत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. "एक गोळी घेतलीस की मेलास" असं सांगितलं, आणि त्याच्या मित्राने एक घेतली आणि तो मेला नाही, की आपलं पुढचं सगळं बोलणं खोटं ठरतं. म्हणून मी हनुमंताला बोलावलं.

शक्ती लागून लक्ष्मण पडला. श्रीराम शोक करत आहेत. वाल्मीकींच्या युद्धकांडात तिथे सुषेण पुढे येतो, आणि तो पहिलं काम काय करतो? औषध मागत नाही. आधी लक्ष्मणाकडे नीट बघतो. चेहऱ्याचं तेज गेलेलं नाही, रंग काळवंडलेला नाही, तळहात कसे आहेत, श्वास कसा आहे. मग रामाला सांगतो की हा जिवंत आहे. म्हणजे आधी तपासणी. त्यानंतर हनुमंताला वनस्पतींची नावं सांगतो आणि डोंगराकडे पाठवतो. हनुमंत पोचतो, आणि त्याला ती वनस्पती ओळखता येत नाही. चुकीची नेली तर अनर्थ, उशीर केला तरी अनर्थ, म्हणून तो अख्खं शिखरच उचलून आणतो.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी शिखर उचलल्याचं कौतुक करतो. मुलांच्या पुस्तकांतलं चित्रही तेच. मला मात्र त्या आधीचं कौतुक वाटतं. ज्याचं नुसतं बोलणं ऐकून श्रीरामांनी त्याच्या व्याकरणाच्या अभ्यासाची वाखाणणी केली, तो विद्वान परत येऊन सरळ सांगतो की मला ओळखता आलं नाही. "हिरवं दिसतंय, वासही बरा आहे, हेच असेल" असं तो म्हणत नाही. आणि संजीवनीचा डोंगर तळहातावर असताना स्वतः पाला खुडून लक्ष्मणाच्या तोंडात कोंबत नाही. वनस्पती सुषेण निवडतो, तोच कुटतो, आणि नाकावाटे द्यायची हेही तोच ठरवतो. कोणती, किती, कशी, कुणाला, हे चारही निर्णय वैद्याचे. डोंगर उचलू शकणाऱ्याने त्यातला एकही आपल्याकडे घेतला नाही.

एका मुलीने विचारलं, "पण दादा, मग आपण क्रोसिन घेतो तेव्हा?" चांगला प्रश्न. ताप आला की आई देते, आणि आईला डॉक्टरने कधीतरी मात्रा सांगितलेली असते. पण तीही मोजूनच घ्यायची. पॅरासिटामॉल चिठ्ठीशिवाय मिळतं, तरी जास्त झालं तर यकृत खराब करतं. वर्गात हे बऱ्याच जणांना नवीन होतं.

मग चरकांचा आधार घेतला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, ज्या औषधाचं नाव, रूप आणि गुण ठाऊक नाहीत ते विष, शस्त्र, अग्नी आणि वीज यांच्या पंगतीला बसवायचं. दुसरी त्याहून महत्त्वाची : जालीम विषसुद्धा नीट योजलं तर उत्तम औषध होतं, आणि उत्तम औषध वाईट रीतीने योजलं तर जालीम विष. वस्तू तीच. योजना बदलली. म्हणून "गोळी सात्त्विक की तामस?" हा प्रश्नच चुकीचा आहे. गोळीला गुण चिकटत नाहीत, घेण्याला चिकटतात.

हे मुलांना पटावं म्हणून मी आमच्या धंद्यातला जुना विनोद सांगितला. प्रोग्रॅम ग्राहकाकडे बंद पडतो तेव्हा प्रोग्रॅमर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" अल्प्राझोलमची अर्धी गोळी आजीच्या मशीनवर चालते. आजीचं वय, वजन, तिचं निदान, तिच्या बाकीच्या गोळ्या, किती वर्षं घेते आहे, हे सगळं बघून डॉक्टरने तो आकडा ठरवलेला आहे. तेरा वर्षांच्या मुलाचं मशीन वेगळं, आणि त्यातला मेंदू तर अजून बांधकाम चालू असलेला. खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असतं. यकृतात गेल्यावर त्याचा काही भाग मॉर्फिन होतो. किती आणि किती वेगाने, हे माणसागणिक जन्मतःच वेगळं असतं. काहींच्या शरीरात ते इतक्या झपाट्याने होतं की श्वास मंदावतो. कोण त्यातला, हे बाहेरून दिसत नाही. मित्राला काही झालं नाही, यावरून तुला काही होणार नाही हे सिद्ध होत नाही.

आणि परीक्षेच्या भीतीने जी मुलं शांत करणाऱ्या गोळीकडे वळतात त्यांच्यासाठी एक गोष्ट मी फळ्यावरच लिहिली. या जातीची औषधं नवीन आठवणी पक्क्या होऊ देत नाहीत. म्हणजे रात्री गोळी घेऊन इतिहासाचा धडा वाचला, तर भीती गेली आणि धडाही गेला. दुसऱ्या अध्यायातली ती साखळी आठवा, मोहाने स्मृती ढळते आणि स्मृती ढळली की बुद्धी जाते. भगवंतांनी ती रागाबद्दल सांगितली आहे, मला मान्य आहे. पण मोहापासून पुढचे दुवे इथेही जसेच्या तसे लागू पडतात.

याच अल्प्राझोलमला मालेगावकडे रस्त्यावर काय म्हणतात? कुत्ता गोळी. मुलं खूप हसली. मग हसणं हळूहळू थांबलं, कारण मी सांगितलं की आजीच्या डब्यातली आणि ती, दोन्हींत औषध एकच.

दुकानदाराकडची बाजूही सांगितली. २०१३ साली औषध नियमांत एच-वन नावाचं परिशिष्ट आलं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. सुरुवातीला त्यात ४६ औषधं होती. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल, कोडीन त्यातच येतात. पट्टीवर लाल अक्षरांत आरएक्स आणि लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. दुकानदाराने रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. कायदा चांगलाच आहे. पण ही वही दुकानाच्या गल्ल्यापाशी संपते. घरात आलेल्या पट्टीची नोंद कुठल्याच वहीत नसते. तिथे पहारा घरच्यांचाच.

मोठ्यांनीही फार टेंभा मिरवू नये. जिममध्ये ताकद वाटावी म्हणून मेफेंटरमाइनचं इंजेक्शन टोचून घेणारी पोरं आपल्याच महाराष्ट्रात पकडली गेली आहेत. ते औषध शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायला असतं! आणि आमच्या आयटीत, डेडलाइनच्या आठवड्यात जागं राहायला मोडाफिनिल मागणारे असतात. झोपेच्या एका खऱ्या आजारावरचं औषध, आणि ते आम्ही वापरणार रिलीजसाठी. मुलं हे बघतच असतात.

आता एक मुद्दा, जो मला आपल्यासारख्या भाविक वाचकांपाशी मुद्दाम मांडायचा आहे. वर्गानंतर एका आजोबांनी मला शाबासकी दिली आणि म्हणाले, "बरोबर आहे. नामस्मरण असताना मनाच्या गोळ्या लागतातच कशाला!" आजोबांचा मान राखून मी तिथेच नाही म्हटलं. नामस्मरण कराच. पण ज्याला डॉक्टरने चिंतेच्या किंवा नैराश्याच्या आजारावर औषध दिलं आहे, त्याची गोळी हा त्याचा सुषेण आहे. ती वेळेवर, मोजून घेणं हेच त्याचं सात्त्विक कर्म. ३७व्या श्लोकात सुरुवातीला कडू लागणाऱ्या गोष्टीची थोरवी सांगितली आहे, त्यात कडू औषधही आलंच. माझा वर्ग ऐकून एखादं पोर घरी जाऊन आजीला म्हणालं, "आजी, ही कुत्ता गोळी आहे, टाकून दे," आणि आजीने ऐकलं, तर अनर्थ होईल. ही औषधं रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर थरथर, निद्रानाश, कधी फिट्सही येतात. बंद करायची तीसुद्धा डॉक्टरच्या हिशोबाने, हळूहळू. हे मी मुलांना दोनदा सांगितलं आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतलं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर एक मुलगा चपला घालत रेंगाळला. आठवीतला. (त्याच्या आईला विचारून लिहितो आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) म्हणाला, "दादा, एक विचारू? मित्राबद्दल आहे."

मित्र युनिट टेस्टपासून आजीच्या पट्टीतली अर्धी गोळी घेतो. आता बहुतेक रोज. आजीला दिसत नाही, ती डबा हातानेच चाचपते. त्याने यालाही एक दिली होती, ती याच्या कंपास पेटीत कर्कटकाखाली होती. घेतली नव्हती. याला फक्त एवढंच विचारायचं होतं : "सांगितलं तर ती चुगली होते ना?"

सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलं आहे. बोलणं उद्वेग न देणारं असावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. वाचताना वाटतं की चारही अगदी सहज एकत्र राहतील. त्या मुलाच्या कंपास पेटीपाशी ती चार एकत्र राहत नव्हती. खरं होतं, हिताचं होतं, प्रिय मुळीच नव्हतं, आणि उद्वेग तर होणारच होता. मी त्याला म्हटलं, चुगलीत सांगणाऱ्याला काहीतरी मिळतं, शाबासकी किंवा मजा. तुला यात काय मिळणार आहे? तो म्हणाला, "मार." मग ही चुगली कशी?

आणि आणखी एक. तो मित्राला स्वतःच समजावणार होता, "आजपासून बंद कर, मी कुणाला सांगत नाही." प्रेमाने, पण हेच सगळ्यात धोक्याचं होतं. रोज घेत असेल तर एकदम बंद करणंच धोक्याचं. दोन तेरा वर्षांच्या मुलांच्या आवाक्यातलं हे काम नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे ऐकल्यावर मीही गप्प बसू शकत नाही. तू आईला सांग, मी बरोबर येतो. आला. खाली बाकावर बसूनच सांगितलं त्याने. आई आधी पेटीतली गोळी बघून हादरली, मग पोराला जवळ घेतलं. त्याच रात्री ती त्या मित्राच्या आईकडे गेली, एकटी, कुणाला बरोबर न घेता, आणि आवाज न चढवता. मला वाटतं उद्वेग न देण्याची जबाबदारी त्या माऊलीने उचलली.

मित्र आता डॉक्टरांकडे जातो आहे, मात्रा कमी कमी करत आणली आहे. पण तो याच्याशी बोलत नाही. क्रिकेटच्या टीममधूनही याला काढलं. गेल्या रविवारी हा आला, श्लोक पुन्हा काढला आणि बोट ठेवून विचारलं, "दादा, सुरुवातीला विष हे कळलं. शेवटी अमृत म्हणजे किती दिवसांनी?"

श्लोकात मुदत दिलेली नाही. मी तसंच सांगितलं. मग आम्ही दोघं बराच वेळ कॅरम खेळलो.

मुलांना गृहपाठ दिला होता तो आता तुम्हालाही देतो. घरातला औषधांचा डबा (आमच्याकडे तो श्रीखंडाचा आहे, फ्रिजवर) आईबाबांबरोबर खाली काढायचा. लाल चौकटीच्या पट्ट्या वेगळ्या करायच्या, गोळ्या मोजून तारखेसकट कागदावर लिहायच्या आणि कुलपात ठेवायच्या. आजी-आजोबांना रोजची गोळी कुणीतरी मोठ्याने हातात द्यायची. मुदत संपलेल्या आणि उरलेल्या गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवी बांधून टाकायच्या. "पुढच्या वेळी उपयोगी पडेल" म्हणून उरलेलं सिरप ठेवायचं नाही. सतरापैकी अकरा घरांनी हे केलं. एका घरात सहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या वेदनाशामक गोळ्या निघाल्या, अजून भरलेली पट्टी.

ज्यांच्या घरी प्रश्न आधीच उभा आहे त्यांच्यासाठी नंबर : व्यसनमुक्तीसाठी केंद्राची मोफत हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी सुरू केलेलं. गोळी घेऊन कुणी जागं होत नसेल किंवा श्वास मंद झाला असेल तर यातलं काही शोधत न बसता १०८ लावा आणि पट्टी बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

उद्या श्लोक ४०.

राम कृष्ण हरी.